बाबांची किडनी, महाधमनीचा फुगा आणि डायचा सीटी

प्रश्न: माझे वडील ७४ वर्षांचे आहेत. बरीच वर्षं मधुमेह आणि रक्तदाब आहे. क्रिएटिनिन (किडनी मंदावली की रक्तात वाढतं ते) २.१ आणि ईजीएफआर (किडनी किती काम करते त्याचा आकडा, कमी म्हणजे वाईट) ३२. गेल्या वर्षी सोनोग्राफीत पोटातल्या महाधमनीला फुगा असल्याचं कळलं. तेव्हा तो ५.२ सेंटिमीटर होता, आता ५.८ झालाय. व्हॅस्क्युलर सर्जन (रक्तवाहिन्यांचे सर्जन) म्हणतात, जांघेतून स्टेंट ग्राफ्ट बसवता येईल, पण त्याआधी डाय (रक्तवाहिन्या ठळक दिसाव्यात म्हणून शिरेतून देतात ते आयोडीनचं औषध) देऊन सीटी अँजिओग्राफी हवीच. नेफ्रोलॉजिस्ट, म्हणजे किडनीचे डॉक्टर, म्हणतात, डाय शक्यतो नको. एका नातेवाइकांनी सांगितलं, एमआरआय करा, त्यात किडनीला काही होत नाही. दुसरे म्हणतात, साधा सीटी पुरतो. ऑपरेशननंतरही दरवर्षी डायचा सीटी करावा लागतो असं ऐकलंय. बाबा म्हणतात, डायलिसिसवर जगण्यापेक्षा फुगा आहे तसा राहू दे. मी कोणाचं ऐकू? — एक मुलगी

उत्तर:

उत्तराआधी एक गोष्ट, आणि ती आजच घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. बाबांना अचानक पोटात, पाठीत किंवा कमरेत जोरात दुखायला लागलं, घाम फुटला, चक्कर येऊन ते कोसळले, तर किडनीची चर्चा तिथंच संपते. व्हॅस्क्युलर सर्जन असलेल्या मोठ्या रुग्णालयात थेट न्यायचं आणि दारातच सांगायचं, ‘पोटातल्या महाधमनीला ५.८चा फुगा आहे.’ बीपी, शुगर, जुन्या फायली हे सगळं नंतर. अशा वेळी डायचा सीटी लगेच करतात आणि क्रिएटिनिनच्या रिपोर्टसाठी कोणी थांबत नाही. थांबूही नये.

सुदैवाने आज तुमच्याकडे ती वेळ नाही. हातात काही आठवडे आहेत, आणि हे काम नीट आखून करायला तेवढे पुरतात.

मी रेडिओलॉजिस्ट आहे. म्हणजे तुमच्या दोन डॉक्टरांच्या मतभेदातला तिसरा माणूस, जो रुग्णाला सहसा भेटतच नाही, पण ज्याच्या टेबलावर हा वाद रोज येतो. माझं मत आधीच सांगून टाकतो. बाबांना ऑपरेशन करून घ्यायचं असेल, तर डायचा सीटी करावा. मात्र तो कमीत कमी डायमध्ये, एकदाच आणि सर्जनशी आधी बोलून झालेला असावा. आणि ऑपरेशन करून घ्यायचंच नसेल, तर हा सीटी अजिबात करू नये. मधला रस्ता दिसायला सोयीचा असतो, पण ‘करून तर ठेवू, मग बघू’ असं म्हणत केलेल्या तपासणीतून डाय तेवढा जातो आणि निर्णय होता तिथंच राहतो.

आता कारणं सांगतो, थोडी सविस्तर.

५.८ म्हणजे काय हे आधी बघू. पुरुषांमध्ये साधारण ५.५ सेंटिमीटर ही ऑपरेशनचा विचार करायची रेषा मानतात, बायकांमध्ये ५. ही रेषा कोणी मनाने आखलेली नाही. ५.५ पेक्षा लहान फुग्यांवर लवकर ऑपरेशन करून माणसं जास्त जगतात का, हे ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत मोठ्या चाचण्यांमधून तपासलं गेलं. त्यांचे निष्कर्ष १९९८ आणि २००२ मध्ये आले आणि दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असं होतं. बाबांचा फुगा रेषेच्या पलीकडे गेलाय आणि वर्षात ६ मिलिमीटरने वाढलाय. सोनोग्राफीत माप भिंतीच्या आतल्या कडेपासून घेतलं की बाहेरच्या, यावरच काही मिलिमीटरचा फरक पडतो. त्यामुळे ५.८ हा आकडा दगडावरची रेघ नव्हे. पण दिशा स्पष्ट आहे आणि सर्जन उगाच घाई करत नाहीत.

सोनोग्राफी मात्र इथंच थांबते. फुगा आहे, एवढा आहे, वाढतोय, इतकं ती छान सांगते. ऑपरेशन कसं करायचं हे तिला सांगता येत नाही.

जांघेतून करायच्या या ऑपरेशनला ईव्हार म्हणतात. हुआन पारोदी यांनी १९९० मध्ये ब्यूनोस आयर्समध्ये पोटातल्या महाधमनीच्या फुग्यावर ते पहिल्यांदा केलं. कल्पना सोपी आहे: गळक्या पाइपाच्या आतून नवा पाइप, म्हणजे कापडाने मढवलेला जाळीचा स्टेंट ग्राफ्ट, सरकवायचा, म्हणजे रक्त नव्यातून वाहील आणि जुन्या भिंतीवरचा दाब जाईल. कठीण भाग हा की नवा पाइप आत शिवलेला नसतो. तो वरच्या बाजूला धडधाकट धमनीच्या एका छोट्या पट्ट्यात स्वतःच्या ताणाने घट्ट बसतो. हा पट्टा किडनीच्या धमन्यांच्या खाली आणि फुग्याच्या वर असतो. आम्ही त्याला ‘नेक’ म्हणतो. तो सरळ आणि किमान १० ते १५ मिलिमीटर लांब असावा, आत रक्ताच्या गाठी साचलेल्या नसाव्यात, अशी बहुतेक ग्राफ्टांची अट असते. ग्राफ्ट त्या पट्ट्याच्या व्यासापेक्षा १० ते २० टक्के मोठा निवडतात. खाली पायांकडे जाणाऱ्या धमन्या किती रुंद, किती वळणाच्या आणि किती कॅल्शियम साचलेल्या आहेत, हेही बघावं लागतं, कारण ५ ते ७ मिलिमीटर जाडीची नळी तिथूनच वर न्यायची असते.

हे मोजमाप चुकतं कसं, ते एकदा जवळून बघा. महाधमनी नेकपाशी अनेकदा तिरकी झालेली असते. सीटीची चकती मात्र शरीराला आडवी कापली जाते. तिरक्या नळीला आडवं कापलं की गोल भोक लंबगोल दिसतं. धमनी ३० अंशांनी झुकलेली असेल, तर २४ मिलिमीटरची नळी लांबट बाजूने जवळपास २८ची भरते. २४ला २८चा ग्राफ्ट बरोबर बसतो. पण जो २८ मोजेल तो ३२चा मागवेल, आणि ३२चा ग्राफ्ट २४च्या नळीत पूर्ण उघडणारच नाही. त्याच्या कापडाला चुण्या पडतील आणि चुण्यांच्या फटीतून रक्त पुन्हा फुग्यात शिरेल. म्हणून आम्ही कॉम्प्युटरवर धमनीच्या मधोमध एक रेषा काढतो, तिला काटकोनात चकत्या पाडतो आणि मगच मोजतो. ही रेषा काढायला धमनीचं पोकळ अंग, म्हणजे रक्त वाहतं तेवढी जागा, ठळक दिसावी लागते. डाय त्यासाठीच हवा असतो.

आता ‘साधा सीटी पुरतो’ या सल्ल्याकडे येऊ. तो सल्ला मूर्खपणाचा नाही. बिनडायच्या सीटीत धमनीची बाहेरची कडा दिसते. कॅल्शियम तर डायच्या सीटीपेक्षाही स्वच्छ दिसतं, भिंतीत पांढऱ्या खड्यांसारखं चमकतं. फुग्याचा आकारही अचूक मिळतो. पण त्या कडेच्या आत सगळा एकच करडा गोळा असतो. वाहतं रक्त कुठं आणि भिंतीला चिकटलेली गाठ कुठं, हे डोळे फोडून पाहिलं तरी नीट वेगळं होत नाही. किडनीची मुख्य धमनी कुठून निघते हे आजूबाजूच्या चरबीमुळे बऱ्याचदा ओळखता येतं. माणूस अगदी सडपातळ असेल तर तेही अवघड.

आणि इथं जो मुद्दा आहे, तो मला तुमच्या नेफ्रोलॉजिस्टांच्या कानावर घालावासा वाटतो. साधारण चारातल्या एका माणसाला किडनीची मुख्य धमनी सोडून आणखी एखादी जादा धमनी असते. दोन-तीन मिलिमीटरची, मुख्य धमनीच्या खालून निघणारी, किडनीच्या एका टोकाला रक्त देणारी. बिनडायच्या सीटीत ती सहज निसटते. सर्जनला ती माहीत नसेल तर ग्राफ्टचं कापड तिच्या तोंडावर बसतं आणि किडनीचा तेवढा तुकडा मरतो. चांगल्या किडनीच्या माणसाला ते कळतही नाही. ज्याचा ईजीएफआर मुळातच ३२ आहे, त्याला ते परवडणारं नाही. तसंच नेकमध्ये गाठी साचलेल्या असतील आणि त्या दिसल्याच नसतील, तर तारा-नळ्या तिथून नेताना त्यांचे कण सुटून थेट किडनीत जाऊ शकतात. म्हणजे चित्र अपुरं असेल तर त्याची किंमतही किडनीलाच मोजावी लागते. डायला नकार देताना हा हिशेब बहुतेक वेळा कोणी मांडत नाही.

हिशेबाची आणखी एक बाजू आहे. डाय फक्त सीटीतच जातो असं नाही, ऑपरेशनमध्येही जातो. सीटीत तो हाताच्या शिरेतून जातो, हृदय आणि फुप्फुसं फिरून, पातळ होऊन किडनीपर्यंत पोहोचतो. ऑपरेशनच्या टेबलावर मात्र तो महाधमनीतच सोडतात, किडनीच्या धमन्यांच्या अगदी तोंडाशी. आधीचा सीटी चांगला असेल, तर किडनीच्या धमन्या कोणत्या मणक्यापाशी आहेत, एक्स-रे यंत्र किती अंशांवर तिरकं ठेवलं की त्या नीट दिसतील, हे सर्जनला आधीच ठाऊक असतं. मग शोधाशोधीसाठी पुन्हा पुन्हा डाय मारावा लागत नाही. काही ठिकाणी सीटीचा त्रिमितीय नकाशा ऑपरेशनच्या चालू एक्स-रेवरच उमटवतात, त्याने डाय आणखी वाचतो. म्हणून ‘सीटीत डाय द्यायचा का’ एवढंच विचारू नका. सीटी आणि ऑपरेशन मिळून एकूण किती डाय जाणार, हे विचारा.

आता डायची भीती. ती कुठून आली हे समजलं तर बाबांनाही समजावता येईल. पूर्वीच्या बऱ्याच अभ्यासांत सीटीनंतर क्रिएटिनिन वाढलेले रुग्ण मोजले आणि सगळी वाढ डायच्या नावावर टाकली. पण आजारी माणसाचं क्रिएटिनिन तसंही वरखाली होतच असतं. २०१३च्या सुमारास डाय दिलेले आणि साधा सीटी झालेले एकसारखे रुग्ण मोठ्या संख्येने शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा दोन्ही गटांतला फरक वाटला होता त्याहून खूपच कमी निघाला. २०२० मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजी आणि नॅशनल किडनी फाउंडेशन, म्हणजे एरवी समोरासमोर उभे असणारे दोन पक्ष, एकत्र आले आणि त्यांनी संयुक्त निवेदन काढलं. शिरेतून दिलेल्या डायमुळे किडनीला अचानक इजा होण्याचा धोका त्यांनी असा मांडला: ईजीएफआर ४५ किंवा जास्त असेल तर जवळपास शून्य, ३० ते ४४ मध्ये शून्य ते २ टक्के, ३०च्या खाली शून्य ते १७ टक्के. शेवटचा आकडा एवढा ताणलेला आहे, कारण तिथं तज्ज्ञांचं अजून एकमत नाही. इजा म्हणजे क्रिएटिनिन दोन-तीन दिवसांत चढणं. बहुतेकांचं ते एक-दोन आठवड्यांत उतरतं. कायमचं डायलिसिस ही त्यापलीकडची, खूप दुर्मीळ गोष्ट.

बाबांचा ३२ हा आकडा मधल्या गटात आहे, पण काठावर. म्हणून एक काम आधी करा. गेल्या वर्षभरातले क्रिएटिनिनचे सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा. २.१वर स्थिर असेल तर ईजीएफआरवर विश्वास ठेवता येतो. महिन्याभरापूर्वी १.६ होतं आणि आता २.१ झालं असेल, तर किडनी आत्ता घसरतेय आणि ३२ हा आकडाच फसवा आहे. ईजीएफआरचं सूत्र क्रिएटिनिन स्थिर असल्याचं धरून चालतं. अशा वेळी आधी घसरणीचं कारण शोधायचं, सीटी थांबू शकतो.

नेफ्रोलॉजिस्ट चुकतात असं मी म्हणत नाही. सीटीवरून घरी गेलेला रुग्ण आम्हाला पुन्हा दिसत नाही. बिघडलं तर तो त्यांच्याच दारात येतो, त्यामुळे त्यांची सावधगिरी अनुभवातून आलेली आहे. फक्त ‘शक्यतो नको’ हे वाक्य अर्धवट आहे. शक्यतो नको, पण लागला तर किती, कसा आणि कोणत्या तयारीने, हे त्यांनीच लिहून द्यायला हवं.

एमआरआयचं काय? ‘त्यात किडनीला काही होत नाही’ हे अर्धसत्य आहे. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, आयोडीनचा डायही नसतो, पण अँजिओग्राफी करायची तर बहुधा गॅडोलिनियम या धातूचं इंजेक्शन देतात. २००६ मध्ये लक्षात आलं की किडनी खूप अशक्त असलेल्या काही रुग्णांत त्यामुळे त्वचा आणि आतले अवयव ताठरत जाणारा एक भयंकर आजार होतो. नेफ्रोजेनिक सिस्टेमिक फायब्रोसिस असं त्याचं नाव. तो मुख्यतः जुन्या, सैल बांधणीच्या, म्हणजे धातू घट्ट धरून न ठेवणाऱ्या, काही गॅडोलिनियम औषधांमुळे होत होता. आता वापरात असलेल्या घट्ट बांधणीच्या औषधांनी तो होण्याची शक्यता इतकी कमी आहे की बाबांसारख्या रुग्णाला ती देता येतात. म्हणजे एमआरआयवर मी काट मारलेली नाही. त्याची अडचण वेगळी आहे: एमआरआयला कॅल्शियम जवळजवळ दिसतच नाही. जांघेतून नळी वर जाईल का, हा प्रश्न तर कॅल्शियमवरच अडतो. शिवाय वेळ लागतो, पुन्हा पुन्हा श्वास रोखावा लागतो, आणि पेसमेकर असेल तर वेगळी चौकशी करावी लागते.

इंजेक्शनशिवायही एमआर अँजिओग्राफी करता येते. त्यात वाहतं रक्त आपोआपच उजळ दिसतं. पण फुग्याच्या आत रक्त संथ गरगरत असतं आणि काही पद्धतींमध्ये नेमकं तिथंच चित्र फिकं पडतं. ज्या रुग्णालयात हे रोज करतात, तिथं बिनइंजेक्शनचा एमआरआय आणि बिनडायचा सीटी यांची जोडी लावून बरंच काही साधतात. एक धमनीचं पोकळ अंग दाखवतो, दुसरा कॅल्शियम. ईजीएफआर २०च्या आसपास असता, तर मी तुम्हाला आधी हाच पर्याय विचारायला सांगितलं असतं. काही केंद्रांत फेरुमॉक्सिटॉल हे लोहाचं औषधही एमआरआयसाठी वापरतात. ते मुळात किडनीच्या रुग्णांच्या अ‍ॅनिमियासाठी आलेलं औषध. अ‍ॅलर्जीचा धोका असल्याने ते देखरेखीखालीच देतात, आणि सगळीकडे मिळत नाही.

मी डायचा सीटी म्हणतोय तो कसा, ते आता सांगतो, कारण याच जागी सगळ्यात जास्त नुकसान होतं आणि तेही अगदी फुकाचं. घरचे जवळच्या सेंटरवर जातात, ‘पोटाचा डायचा सीटी’ करून घेतात आणि फिल्म घेऊन सर्जनकडे पोहोचतात. सर्जन फिल्म दिव्यावर धरतात आणि म्हणतात, ‘यावर मोजता येणार नाही.’ सीडीत बघावं तर ५ मिलिमीटर जाडीच्या चकत्या, आणि पातळ चकत्या सेंटरच्या यंत्रातून पुसल्या गेलेल्या. किंवा चित्र पोटापाशीच संपलंय, जांघ आलेलीच नाही. किंवा डाय धमनीत असतानाचा क्षण हुकलाय आणि तो शिरांमध्ये पोहोचल्यावरच चित्र काढलंय. मग पुन्हा सीटी, पुन्हा डाय. किडनीच्या रुग्णाला हा दुसरा डाय जाऊ नये म्हणून मी वाटेल तेवढा वाद घालायला तयार असतो.

तेव्हा सर्जनकडून चिठ्ठीवर स्पष्ट लिहून घ्या की हा सीटी ईव्हारच्या आखणीसाठी आहे. चकत्या १ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ, छातीच्या खालच्या भागापासून थेट जांघेपर्यंत, आणि डाय धमनीत असतानाची एकच फेरी. आधी बिनडायची एक फेरी घ्यावी. तिच्यात कॅल्शियम दिसतं आणि तिला डाय लागत नाही. क्रिएटिनिन किती आहे हे सेंटरला अपॉइंटमेंट घेतानाच सांगा, टेबलावर झोपल्यावर नव्हे. नव्या यंत्रांवर कमी किलोव्होल्टवर, ८० किंवा त्याच्या आसपास, चित्र काढता येतं. तिथं आयोडीन जास्त चमकतं, म्हणून एरवी ८० ते १०० मिलिलिटर लागणारा डाय निम्म्यावर आणता येतो, निदान सडपातळ माणसात तरी. ड्युअल एनर्जी सीटी (दोन वेगवेगळ्या ताकदीच्या क्ष-किरणांनी चित्र काढणारा) असेल तर आणखी सोयीचं. ‘आमच्या पेशंटला कमी डायमध्ये जमेल का?’ असं सेंटरच्या रेडिओलॉजिस्टना विचारायला संकोच करू नका. उत्तर ‘आम्ही सगळ्यांना सारखाच देतो’ असं आलं, तर दुसरं सेंटर बघा. शेवटी सीडी घ्या, पातळ चकत्यांसकट, आणि त्या सीडीत आहेत ना हे तिथंच विचारून घ्या.

तयारी फार नसते. डायच्या आधी बाबांना कोरडं ठेवू नका. ‘उपाशी या’ याचा अर्थ रात्रीपासून पाण्याचा थेंब नाही असा लावून किडनीची माणसं सुकून येतात, तेव्हा पाणी केव्हापर्यंत चालेल हे नक्की विचारा. शिरेतून सलाइन द्यायचं का, हे नेफ्रोलॉजिस्ट ठरवतील. ३०च्या खाली ते देतातच, बाबांसारख्या काठावरच्या रुग्णात हृदय कसं आहे ते बघून ठरवतात. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या दुखण्याच्या गोळ्या चालू असतील तर त्या बंद व्हायला हव्यात. खरं तर या किडनीला त्या कधीच नकोत. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल तर त्या दिवसापासून थांबवून ४८ तासांनी क्रिएटिनिन बघून पुन्हा सुरू करण्याची पद्धत आहे. ते किडनीला इजा करतं म्हणून नव्हे. किडनी मंदावली तर ते शरीरात साठतं म्हणून. बीपीच्या आणि लघवीच्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. किडनीच्या बचावासाठी म्हणून अ‍ॅसिटिलसिस्टीनची पावडर किंवा गोळ्या कोणी लिहून दिल्या तर भांडू नका, पण भिस्तही ठेवू नका. सुमारे ५ हजार रुग्णांवरच्या अभ्यासात, २०१८ मध्ये, त्यांचा काही उपयोग दिसला नाही. डाय ‘धुऊन काढायला’ लगेच डायलिसिस करायचीही गरज नसते.

सीटीनंतर ४८ ते ७२ तासांनी क्रिएटिनिन तपासा. ते स्थिर आहे हे दिसल्यावरच ऑपरेशनची तारीख पक्की करा. सीटी आणि ऑपरेशन लागोपाठच्या दिवशी उरकून घेण्यात सोय दिसते, पण किडनीला दोन धक्के पाठोपाठ बसतात. ऑपरेशनमध्ये कार्बन डायऑक्साइड वापरता येईल का, हेही सर्जनना विचारा. डायऐवजी हा वायू धमनीत सोडून चित्र काढता येतं, तो रक्तात विरघळून श्वासावाटे निघून जातो. मेंदूकडे जाऊ नये म्हणून तो फक्त छातीच्या खाली, पोटात आणि पायांतच वापरतात, आणि बाबांचं ऑपरेशन तिथंच आहे. काही जण धमनीच्या आतून फिरणारी बारीक सोनोग्राफीही वापरतात.

तुम्ही विचारलंत, कोणाचं ऐकू. दोघांचंही ऐका, पण त्यांना एकमेकांशी बोलायला लावून. एकाचा निरोप दुसऱ्याला पोहोचवण्याचं काम तुम्ही करत बसलात, तर ‘हवाच’ आणि ‘नकोच’ एवढंच उरतं, अधलंमधलं सगळं वाटेत गळतं. सर्जनना सांगा, ‘नेफ्रोलॉजिस्टना एक फोन कराल का?’ पाच मिनिटांचं बोलणं असतं. माझ्या पाहण्यात, असा फोन झाला की निम्मे वाद तिथंच मिटतात. आणि तो करायला कोणी नाराज झालं, तर तेही कळलेलं बरं.

आता बाबा. त्यांचं वाक्य घाबरून आलंय की विचारपूर्वक, हे तुम्हीच ओळखू शकाल. घाबरून आलं असेल, तर वरचे आकडे त्यांना शांतपणे सांगा. एका सीटीच्या डायने कायमचं डायलिसिस लागण्याची शक्यता फार कमी आहे. किडनीला मोठा धोका ऑपरेशनमध्ये असतो, आणि त्याहून मोठा फुगा फुटण्यात. फुगा फुटून जे वाचतात, त्यांच्या किडन्यांनी तो मार खाल्लेलाच असतो. पण विचार करून, सगळं समजून ते नाही म्हणत असतील, तर तो त्यांचा हक्क आहे आणि त्यांच्यामागे लागून काही साधणार नाही. तेव्हा डायचा सीटी रद्द करा, बीपी ताब्यात ठेवा, तंबाखू-सिगारेट असेल तर सुटेल असं बघा, आणि फुगा फुटलाच तर काय करायचं, काय नाही, हेही त्यांच्याकडूनच ऐकून ठेवा. हा प्रश्न विचारणं जड जातं. पण विचारला नाही, तर उत्तर त्या घाईत तुम्हाला द्यावं लागेल.

दरवर्षी डायचा सीटी लागतो, हे तुम्ही ऐकलंत ते निम्मंच खरं. ग्राफ्ट बसवल्यावर आयुष्यभर लक्ष ठेवावं लागतं, हे खरं. फुगा आक्रसतोय की वाढतोय आणि ग्राफ्ट जागचा सरकला नाही ना, हे बघायचं असतं. ते बिनडायच्या सीटीत दिसतं. ग्राफ्टच्या बाजूने रक्त झिरपतंय का हे डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या, सोनोग्राफीत दिसू शकतं, आणि शंका उरली तर सूक्ष्म बुडबुड्यांचं इंजेक्शन देऊन सोनोग्राफी करता येते. ते बुडबुडे फुप्फुसातून बाहेर पडतात, त्यांचा किडनीशी संबंध नसतो. पहिल्या महिन्यात एकदा डायचा सीटी करण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. बाबांसाठी तो खरंच लागेल का, की डॉपलर आणि साध्या सीटीवर भागेल, हे ऑपरेशनच्या आधीच सर्जनना विचारून फाइलवर लिहून घ्या. पुढे फुगा वाढताना दिसला तरच डायचा विषय पुन्हा काढायचा.